जनुकांवर अंमल कोणाचा?

यकृतातील पेशी पित्त तयार करतात, स्वादुपिंडातील थोड्या पेशी इन्सुलिन स्रवतात, डोळ्याच्या पडद्यातील पेशी अंधुकातला अंधुक प्रकाशही टिपतात, आणि अस्थिमज्जेत वाढणारी तांबडी रक्तपेशी हिमोग्लोबिनाने भरून निघाल्यावर अखेरीस आपले केंद्रकच बाहेर टाकून देते. इतक्या परस्परभिन्न प्रकृतीच्या ह्या पेशी मुळात एकाच फलित अंडपेशीच्या वंशज असतात. आणि मातेकडून एक व पित्याकडून एक अशा आनुवंशिक मजकुराच्या ज्या दोन प्रती, प्रत्येकी सुमारे तीन अब्ज अक्षरांच्या आणि प्रथिने घडविणाऱ्या सुमारे वीस हजार जनुकांसह, त्या अंडपेशीला मिळाल्या होत्या, त्यांचीच नक्कल विभाजनागणिक होत होत ह्या साऱ्यांपर्यंत पोहोचलेली असते. मजकूर एकच असताना एकीने पित्त का करावे आणि दुसरीने इन्सुलिन का, हा प्रश्न विसाव्या शतकातील जीवशास्त्राने हाती घेतलेल्या प्रश्नांपैकी मला सर्वांत मूलगामी वाटतो; कारण मूलपेशींविषयी, म्हणजे ज्यांना आज सर्रास स्टेम सेल म्हटले जाते त्यांच्याविषयी, जे जे बोलले जाते त्यातील खरे किती आणि बाजारी किती, ह्याची पारख ह्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असल्यावाचून होत नाही.

जर्मन जीवशास्त्रज्ञ ऑगस्ट वाइसमान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जे उत्तर सुचविले ते ऐकताक्षणी पटावे असे होते. गर्भ वाढत असताना आनुवंशिक द्रव्याची वाटणी होत जाते आणि शेवटी यकृताच्या पेशीजवळ यकृतापुरते व त्वचेच्या पेशीजवळ त्वचेपुरतेच द्रव्य उरते, असे त्यांचे म्हणणे. १८९१ साली हान्स ड्रीश यांनी सी अर्चिन ह्या काटेरी सागरी जीवाचा नुकताच दोन पेशींत विभागलेला गर्भ पाण्यात जोराने हलवून त्या दोन पेशी विलग केल्या, तेव्हा प्रत्येकीपासून आकाराने लहान परंतु अवयवांनी पूर्ण असा जीव वाढू लागला, आणि वाटणीच्या ह्या सिद्धान्ताला पहिला तडा गेला. तथापि हा दाखला गर्भाच्या अगदी आरंभापुरता होता. वाढ पुरी होऊन एका विशिष्ट कामाला कायमची जुंपली गेलेली पेशी आपल्याजवळ संपूर्ण मजकूर शाबूत राखते की नाही, ह्याचा निकाल लागण्यास आणखी सत्तर वर्षे जावी लागली.

तो निकाल बेडकांनी दिला. १९५२ मध्ये फिलाडेल्फिया येथे रॉबर्ट ब्रिग्ज आणि थॉमस किंग यांनी बेडकाच्या कोवळ्या गर्भातील पेशीचे केंद्रक उचलून ते स्वतःचे केंद्रक काढून टाकलेल्या अंड्यात बसविले आणि त्यातून बेडूकमासे वाढविले. परंतु गर्भ जसजसा अधिक वाढलेला घ्यावा तसतसे यश घटत गेले, आणि वाढीबरोबर केंद्रकाचे सामर्थ्य कायमचे क्षीण होत असावे असा त्यांचा ग्रह झाला. ऑक्सफर्डमधील जॉन गर्डन ह्या तरुण संशोधकाने झेनोपस नावाचा आफ्रिकी बेडूक घेऊन तोच प्रश्न पुन्हा उकरून काढला. झेनोपसचे अंडे जेमतेम सव्वा मिलिमीटर व्यासाचे, आणि त्याच्याभोवती चिवट बुळबुळीत द्रव्याचे असे वेष्टन की काचेची बारीक नळी आत शिरण्याऐवजी अंडेच तिच्यापुढे दबून जाई. अतिनील किरणांचा झोत टाकल्यावर अंड्यातील मूळची रंगसूत्रे निकामी होत, आणि सुदैव असे की तेच किरण त्या वेष्टनालाही मऊ करीत. नंतर, खाऊ लागलेल्या बेडूकमाशाच्या आतड्याच्या अस्तरातील, म्हणजे अन्नरस शोषण्याच्या कामी नेमल्या गेलेल्या, एकेक पेशी तिच्याहून किंचित अरुंद अशा नळीत ओढून घ्यावयाची, ओढताना तिचे आवरण फाटावयाचे पण केंद्रकाला धक्का लागता कामा नये, आणि ते केंद्रक अंड्यात सोडून द्यावयाचे, असा हा हातोटीचा उद्योग होता. १९६२ साली गर्डन यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात अशी ७२६ रोपणे नमूद आहेत. त्यांपैकी १० अंड्यांतून निर्दोष, खाणारे-पिणारे बेडूकमासे निघाले.

शेकड्यास दीड एवढेसे हे यश. पण येथे शेकडेवारीला महत्त्व नाही. आतड्याच्या पेशीने डोळ्याची, स्नायूंची, मेंदूची जनुके खरोखरच गमावलेली असती तर दहा सोडाच, एकही सर्वांगपूर्ण जीव उपजला नसता. अंड्याचे मूळ केंद्रक नष्ट न होता तेच वाढले असावे, ही शंका कोणी घेऊ नये म्हणून गर्डन यांनी दात्यांचा वाणही असा निवडला होता की त्यांच्या केंद्रकात दोहोंऐवजी एकच केंद्रिका दिसते. आणि उपजलेल्या बेडूकमाशांच्या पेशीपेशींत ती खूण सापडली. तरीही ह्या निष्कर्षाला सर्वमान्यता मिळण्यास बराच काळ लागला. १९९६ च्या जुलैत स्कॉटलंडमधील रॉसलिन इन्स्टिट्यूटमध्ये प्रौढ मेंढीच्या स्तनग्रंथीतील पेशीपासून डॉली जन्मली, तेव्हा सस्तन प्राण्यांबाबतही शंका उरली नाही.

अर्थात ह्याने प्रश्नाचे अर्धेच उत्तर मिळते. सर्व जनुके शाबूत आहेत, तर मग आतड्याच्या पेशीतील डोळ्याची जनुके मूक का? त्यांना गप्प कोण बसविते? ह्याचा उलगडा करणारे काम पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये, आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय ह्या क्षुद्र जिवाणूवर झाले. जर्मन फौजांच्या अंमलाखालील पॅरिसमध्ये झाक मोनो यांना असे आढळले होते की ह्या जिवाणूंना ग्लुकोज आणि लॅक्टोजसारखी दुसरी एखादी शर्करा एकत्र दिली असता ते आधी सगळे ग्लुकोज संपवितात, मग त्यांची वाढ काही काळ थबकते, आणि नंतरच ते दुसरी शर्करा खाऊन पुन्हा वाढू लागतात. लॅक्टोज फोडण्यासाठी जे विकर लागते ते ह्या थबकलेल्या अवधीत तयार होते. लॅक्टोज आले की जनुकाला ‘काम कर’ असा हुकूम मिळतो, असेच कोणालाही वाटले असते.

मोनो, फ्रान्स्वा जाकोब आणि अमेरिकेहून त्यांच्याकडे आलेले आर्थर पार्डी यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने ही समजूत उलटी केली, आणि युक्तिवादाच्या सौंदर्याच्या दृष्टीने मी त्या प्रयोगाची गणना शास्त्राच्या इतिहासातील निवडक प्रयोगांत करतो. त्यांनी जिवाणूंचा असा एक वाण घेतला की ज्यात विकराचे जनुक नादुरुस्त होते आणि त्या जनुकावर देखरेख ठेवणारे दुसरे जनुकही नादुरुस्त होते. आणि ही दोन्ही जनुके निर्दोष असलेल्या दुसऱ्या वाणाशी त्यांचा संयोग घडवून, केवळ ती जनुके ह्या वाणात शिरतील पण दात्याच्या पेशीतील इतर द्रव्ये येणार नाहीत, अशी तजवीज केली. लॅक्टोजचा लवलेशही नसताना काही मिनिटांतच विकर तयार होऊ लागले. आणि पुढे सुमारे तासा-दीड तासाने, बाहेरून काहीही न करता, त्याचे उत्पादन आपोआप बंद पडले. ह्याचा अर्थ एवढाच निघतो की विकराचे जनुक स्वभावतः कामाला तयारच होते; देखरेखीच्या जनुकापासून एक मनाई करणारे द्रव्य हळूहळू साचत गेले आणि त्याने ते काम बंद पाडले. लॅक्टोज हुकूम देत नाही, ते मनाई उठविते. जनुकाच्या लगतच असलेल्या डीएनएच्या एका जागेवर हे द्रव्य ठाण मांडून बसते आणि लॅक्टोजपासून बनलेला एक रेणू येऊन चिकटला की जागा सोडते, असा संपूर्ण आराखडा जाकोब व मोनो यांनी १९६१ साली मांडला. १९६५ चे नोबेल पारितोषिक त्यांना व आंद्रे ल्वॉफ यांना मिळाले, आणि १९६६ मध्ये ते मनाईचे द्रव्य, म्हणजे एक प्रथिन, प्रत्यक्ष वेगळे काढण्यात आले.

प्राण्यांच्या पेशीत हा कारभार कितीतरी पटींनी गुंतागुंतीचा आहे. मिलिमीटरच्या काही सहस्रांशांएवढ्या केंद्रकात सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए सामावलेला असतो. त्याची दर १४७ अक्षरे हिस्टोन नावाच्या आठ प्रथिनांच्या गाभ्याभोवती गुंडाळलेली, आणि असे लाखो वेढे पुन्हा एकमेकांवर दाटीवाटीने रचलेले असतात. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधून ठेवलेले आहेत, आणि बांधलेल्या रुमालातील कागद शाबूत असला तरी गाठ सोडल्याशिवाय तो वाचला जात नाही. पेशीतील जनुकांची स्थिती नेमकी अशीच आहे. हिस्टोनांच्या शेपट्यांवर अॅसिटिल गट बसविले की वेढे सैल होतात आणि तेथील मजकुराची आरएनएच्या रूपाने नक्कल निघू शकते. उलट, जनुकाच्या आरंभीच्या भागातील डीएनएवर मेथिल गटांचे शिक्के पडले की ते जनुक बहुधा बंद राहते. पेशी विभागताना डीएनएची नवी प्रत तयार होते तेव्हा एक विकर जुन्या धाग्यावरील मेथिलचे शिक्के पाहून नव्या धाग्यावर तसेच शिक्के उमटवीत जाते, आणि यकृताच्या पेशीची कन्या यकृताचीच पेशी होते ह्याचे एक प्रमुख कारण हे आहे. कोणता भाग उघडावा व कोणता नाही हे ठरविणारी प्रथिने माणसात सुमारे सोळाशे आहेत. ती एकेकटी क्वचितच काम करतात, त्यांच्या समुच्चयावर पेशीचे शील ठरते, आणि ह्यांतील काही प्रथिने स्वतःचीच जनुके चालू ठेवीत असल्याने एकदा जमलेला समुच्चय सहसा मोडत नाही.

एवढे ध्यानात घेतले म्हणजे मूलपेशी कोणती हे सांगणे सोपे जाते. जी विभागून स्वतःसारखीच पेशी मागे ठेवू शकते आणि जिची दुसरी कन्या एखाद्या विशिष्ट कामाची पेशी होऊ शकते, ती मूलपेशी. आपल्या शरीरात दर सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या रक्तपेशी नव्याने तयार होतात, आणि त्यांतील प्रत्येकीचे आयुष्य उणेपुरे १२० दिवसांचे. हा झरा अस्थिमज्जेतील मूलपेशींमुळे अखंड वाहतो. अशा पेशी असाव्यात असा तर्क जुना होता, पण त्यांचा पुरावा टोरांटो येथे जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकुलॉक यांनी १९६१ मध्ये दिला. मज्जा जाळून टाकील एवढा किरणोत्सर्ग उंदरांना देऊन त्यांनी त्यांच्या शिरेत निरोगी उंदराच्या मज्जेतील पेशी सोडल्या. दहाएक दिवसांनी त्या उंदरांच्या प्लीहेवर बारीक गाठी उठलेल्या दिसल्या, आणि दर दहा हजार पेशी सोडल्या असता सुमारे एक गाठ, असे त्यांचे प्रमाण पडले. एकेका गाठीत तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि बिंबाणूंची जनक पेशी, असे सगळे गोत एकत्र नांदत होते. आणि ते सगळे गोत एकाच पेशीचे, हे १९६३ मध्ये रंगसूत्रांवरील खुणांच्या आधारे सिद्ध झाले.

मज्जेतील मूलपेशी रक्त निर्माण करते, मेंदू निर्माण करीत नाही. तिच्या अधिकाराला मर्यादा आहे. सर्वाधिकार असतो तो कोवळ्या गर्भातील पेशींना. वाढ झालेल्या पेशीला तो अधिकार परत मिळतो हे गर्डन यांच्या बेडकांनी दाखविले होते, परंतु अंड्यातील कोणती द्रव्ये हे कार्य करतात ते अज्ञातच होते. क्योतो विद्यापीठातील शिन्या यामानाका आणि त्यांचे सहकारी काझुतोशी ताकाहाशी यांनी गर्भपेशींत विशेष महत्त्वाची वाटणारी २४ जनुके निवडली. ह्या २४ जनुकांचे शक्य तेवढे सर्व समुच्चय तपासावयाचे म्हटले तर ते १,६७,७७,२१६ भरतात. साऱ्या जन्मात पुरे होणारे हे काम नव्हे. त्यांनी उंदराच्या त्वचेखालील पेशी अशा तयार करून घेतल्या की ज्या पेशी गर्भावस्थेत परततील त्याच एका विषारी औषधात जगतील. मग विषाणूंच्या मार्फत चोवीसही जनुके एकदम त्या पेशींत घातली, आणि थोड्या का होईना, पेशींच्या वसाहती जगल्या. आता त्यांनी चोवीस बशा मांडल्या, आणि प्रत्येक बशीत एकेक जनुक वगळून उरलेली तेवीस घातली. जे वगळल्याने वसाहती कमी पडल्या ते जनुक आवश्यक. ह्या चाळणीतून दहा उरली, त्या दहांना पुन्हा हीच चाळणी लावली, आणि शेवटी चारच राहिली: ऑक्ट-३/४, सॉक्स-२, केएलएफ-४ आणि सी-मिक. २००६ च्या ऑगस्टमध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला, पुढच्याच वर्षी मानवी पेशींतही तीच किमया साधली, आणि २०१२ चे नोबेल पारितोषिक गर्डन व यामानाका यांना मिळून देण्यात आले.

ही चारही जनुके इतर जनुकांवर अंमल चालविणाऱ्या प्रथिनांची आहेत. पेशीच्या मजकुरातील, डोळा कसा घडवावा वा हृदय कसे घडवावे हे सांगणारा भाग त्यांनी बाहेरून आणला नाही. तो आतच होता, त्याच्यावरील बंधने तेवढी त्यांनी सोडविली. पण हजारांतील एखाद-दुसरी पेशीच परतते, परतावयास तिला आठवडे लागतात, आणि चौघांतील सी-मिक हे कर्करोगाशी निगडित असलेले जनुक आहे. शिवाय सर्वाधिकारी पेशी तशाच शरीरात सोडल्या तर त्यांची अशी गाठ वाढते की जीत केस, कूर्चा, आतड्याचे अस्तर असे नाना ऊतक बेशिस्तीने एकत्र झालेले असतात. म्हणूनच कोबे येथे २०१४ मध्ये सत्तरी उलटलेल्या एका स्त्रीच्या डोळ्यात तिच्याच त्वचेपासून सिद्ध केलेल्या पेशी बसविल्या, तेव्हा त्या आधी पडद्याच्या पेशींत पूर्णपणे रूपांतरित करून, तपासून, मगच त्यांचा पातळ पापुद्रा आत ठेवण्यात आला.

हे मी इतक्या विस्ताराने सांगतो ह्याचे कारण आपल्या शहरांतून लागलेल्या जाहिराती. स्वमग्न मुलाच्या, मेंदूच्या पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या मुलाच्या आईबापांना ‘स्टेम सेल थेरपी’ म्हणून लाखो रुपयांची इंजेक्शने विकली जातात. त्या पेशी शरीरात कोठे जातील, तेथे त्यांची कोणती जनुके उघडतील आणि कोणती मिटतील, ह्यावर देणाऱ्याचा यत्किंचितही ताबा नसतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूत्रांनुसार रक्ताच्या ठरावीक रोगांवरील मूलपेशीरोपण तेवढे उपचार म्हणून मान्य आहे. बाकी सर्व वापर हा संशोधन होय आणि तो मंजूर चाचणीतच करावा. दुःखी आईबापांकडून अशा उपचाराचे पैसे घेणे हा माझ्या मते उघड अन्याय आहे.

रक्ताचा अपवाद मात्र विचारात घेण्यासारखा आहे, आणि तो आपल्या प्रांताच्या जिव्हाळ्याचा आहे. गडचिरोलीच्या माडिया-गोंडांत, मेळघाटात, नंदुरबारच्या भिल्ल-पावरा वस्त्यांत आणि विदर्भातील इतर अनेक समाजांत सिकलसेल हा आजार पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. अकराव्या रंगसूत्रावरील हिमोग्लोबिनाच्या एका जनुकात एकच अक्षर बदललेले असते. तेवढ्याने प्राणवायू सोडलेले हिमोग्लोबिन दोऱ्यांसारखे गोठते, तांबडी पेशी विळ्याच्या आकाराची होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि लेकराच्या हातापायांत, पाठीत, छातीत असह्य कळा उठतात. तथापि असे मूल जन्मतः धडधाकट असते. १९४८ मध्ये जॅनेट वॉटसन यांनी ह्याचे कारण सुचविले: गर्भात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळ्या जनुकापासून बनते, आणि त्यात हा दोष नसतो. जन्मानंतर काही महिन्यांत ते गर्भजनुक मिटते, त्याच्या शेजारचे सदोष जनुक कामाला लागते, आणि दुखणे सुरू होते. निर्दोष जनुक प्रत्येक रुग्णाच्या केंद्रक असलेल्या प्रत्येक पेशीत जन्मभर असते. केवळ त्याला मनाई झालेली असते.

ती मनाई मुख्यतः बीसीएल-११-ए नावाच्या प्रथिनाची, हे २००८ मध्ये स्टुअर्ट ऑर्किन यांच्या बोस्टन येथील प्रयोगशाळेने दाखविले. पुढे रक्तपेशींतच त्या प्रथिनाचे उत्पादन वाढविणारा डीएनएचा एक लहानसा भागही सापडला. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने व डिसेंबरात अमेरिकेने ज्या उपचाराला मान्यता दिली त्यात रुग्णाच्या स्वतःच्या रक्तनिर्मात्या मूलपेशी काढून त्यांच्यातील तेवढाच भाग क्रिस्पर ह्या डीएनए कापण्याच्या तंत्राने कापतात, तीव्र औषधाने जुनी मज्जा रिकामी करतात, आणि त्या पेशी परत शिरेतून सोडतात. सदोष जनुकाला हातही लावलेला नसतो; गर्भजनुकावरील बंधन उठते, एवढेच. अमेरिकेतील मान्यतेच्या वेळी तपासता आलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग वर्षभर तीव्र वेदनेचा एकही झटका आला नव्हता. मोनो-जाकोबांचे जिवाणू आणि टिल-मॅकुलॉकांचे उंदीर ह्या एका उपचारात एकत्र आले आहेत.

परंतु अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे, आणि आदिवासी पाड्यावरील मुलापर्यंत तो केव्हा पोहोचेल ते आज कोणीही सांगू शकत नाही. तोवर एक साधा उपाय हाताशी आहे. हायड्रॉक्सीयुरिया नावाचे जुने, स्वस्त औषध तेच गर्भजनुक काही अंशी जागे करते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्याने वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्यावर आणले. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेळोवेळी रक्त तपासून, न चुकता घ्यावे लागते. आणि वधूवर दोघेही वाहक, म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत असलेले, असल्यास त्यांच्या प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याचा संभव चारांत एक असतो, हेही लक्षात ठेवावे. ज्यांच्या समाजात किंवा नात्यात सिकलसेल आहे अशा वाचकांना माझी विनंती आहे की लग्न ठरविण्यापूर्वी दोघांच्याही रक्ताची सोल्युबिलिटी चाचणी करून घ्यावी, तीत संशय आला तर इलेक्ट्रोफोरेसिसची तपासणी करावी, आणि घरात रुग्ण असेल तर त्याच्या गोळ्या, दुखणे थांबले आहे म्हणून, बंद करू नयेत.